एका रानाची वाटणी

दोन लहान देश शेजारी शेजारी असावेत, दोहोंवर पाऊस एकच पडावा, माती एकच असावी, आणि मधली सीमा मात्र केवळ माणसांनी आखलेली असावी. अशा ठिकाणी सीमेच्या अलीकडच्या व पलीकडच्या रानाचे कालांतराने काय झाले हे पाहिले, म्हणजे त्या दोन राजवटींविषयी जे कळते ते दरबारच्या बखरींतून कळत नाही. असे उदाहरण शोधण्यासाठी आपल्याला सातासमुद्रापलीकडे जाण्याचे कारण नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी सावंतवाडी आणि गोवा ही दोन राज्ये अशीच एकमेकांना खेटून नांदली. एक इंग्रजांच्या छत्राखालचे संस्थान, विस्तार सुमारे २,४०० चौरस किलोमीटर. दुसरी पोर्तुगालची वसाहत, विस्तार सुमारे ३,७०० चौरस किलोमीटर. पहिले १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले व आज सिंधुदुर्ग जिल्ह्याचा भाग आहे. दुसरी १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाली व आज भारताचे सर्वांत लहान राज्य आहे.

शिरूर तालुक्यातील निमोण्याच्या परिसरात राहून कोकणातल्या रानांवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आमच्याकडे वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सावंतवाडीच्या डोक्यावर असलेल्या आंबोलीत सात हजार मिलिमीटर. परंतु ज्याच्या घरी ठेव नाही त्यालाच दुसऱ्याच्या ठेवीच्या हिशेबाचे कुतूहल अधिक असते. शिवाय हा हिशेब अखेरीस आमच्या माळावर येऊन पोहोचतो, हे पुढे दिसेलच.

आरंभी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. आज आपण ज्याला गोव्याचे जंगल म्हणतो, त्याचा उत्तरेकडील मोठा भाग मुळात गोव्याचा नव्हताच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या हाती आले ते तिसवाडी, बारदेश आणि साष्टी हे किनाऱ्याचे प्रांत. तेथे भात, नारळ, खाजणे आणि पुढे चर्चची उंच शिखरे. डोंगराळ गोवा त्यांना मिळाला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यांपैकी डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे तीन महाल १७८१ ते १७८८ या काळात वाडीकर सावंत भोसल्यांकडून गेले. गादीवर तेव्हा तिसरे खेम सावंत होते. कोल्हापूरकरांशी त्यांचे वैर पेटलेले, तिजोरी रिकामी, आणि मदतीस तयार असलेला शेजारी एकच. पेडणे महाल त्या मदतीच्या मोबदल्यात गेला. सख्ख्या भावांत परसातल्या फणसाच्या फांद्या वाटून घ्याव्यात, तशी एका रानाची वाटणी झाली. म्हादईच्या खोऱ्यातले रान पोर्तुगीजांकडे आणि तिळारीच्या खोऱ्यातले रान वाडीकडे. वाघाला किंवा गव्याला अर्थातच याची कल्पना कोणी दिली नाही.

वाटणीपूर्वीचे ते रान कसे असेल याची थोडी चुणूक संतचरित्रात मिळते. बांद्याचे सोहिरोबानाथ आंबिये हे वाडी दरबारचे कुळकर्णी. दरबाराचे बोलावणे आले म्हणून ते बांद्याहून वाडीस निघाले, वाटेत रानात फणस फोडून खावयास बसले आणि तेथेच त्यांना गहिनीनाथांचा साक्षात्कार झाला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेच्या खरेखोटेपणात आपण शिरू नये. परंतु बांद्यापासून वाडीपर्यंतच्या वाटेवर, जी आज मोटारीने अर्ध्या तासाची आहे, असे निबिड रान होते की तेथे एखादा सिद्ध पुरुष सहज प्रकट व्हावा, हे त्या काळच्या माणसांना स्वाभाविक वाटत होते.

रान राखण्याची जाणीव आपल्या राज्यकर्त्यांना नव्हती असे मात्र कोणी समजू नये. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या प्रकरणात लाकडाविषयी स्पष्ट ताकीद आहे. सागवानासारखी झाडे लागतील ती हुजूरची परवानगी घेऊन तोडावीत. आंबा, फणस यांसारख्या रयतेच्या झाडांना हात लावू नये. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे. झाड लावणाऱ्याने ते लेकरासारखे वाढवलेले असते, हा त्यामागील विचार. यात राजाचा हक्क आणि रयतेचा हक्क हे दोन वेगळे मानले आहेत. पुढील सर्व इतिहास या दोन हक्कांच्या ओढाताणीचाच आहे.

पोर्तुगीजांना रान हवे होते ते जहाजांसाठी. सागरी साम्राज्याला सागवान म्हणजे धान्याइतकेच आवश्यक. या संदर्भात पुण्याशी संबंध असलेली एक हकिगत सांगण्याचा मोह आवरत नाही. मराठ्यांच्या आरमाराने ‘सांताना’ नावाचे पोर्तुगीज जहाज पकडले होते. त्याच्या भरपाईपोटी १७७९ च्या डिसेंबरात पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात पुण्यास तह झाला आणि दमणशेजारच्या नगरहवेलीतील बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांना देण्याचे ठरले. प्रत्यक्ष ताबा १७८३ साली मिळाला. पेशव्यांच्या दृष्टीने तो डोंगराळ, तापट हवेचा, उत्पन्नाला कमी असा मुलूख होता. पोर्तुगीजांना मात्र त्यात साग दिसला. नगरहवेलीच्या सागाने दमणची गोदी चालली. तेथे बांधलेले ‘दों फेर्नांदु सेगुंदु ई ग्लोरिया’ हे लढाऊ गलबत १८४३ साली पाण्यात उतरले. पोर्तुगालच्या आरमारातील शिडांचे ते अखेरचे लाकडी लढाऊ जहाज. १९६३ साली ते आगीत जळाले, नव्वदच्या दशकात पुन्हा उभारले गेले आणि आज लिस्बनसमोरच्या तीरावर संग्रहालय म्हणून उभे आहे. एका जहाजाची भरपाई म्हणून दिलेल्या रानातून दुसरे जहाज निघाले.

असो. आपल्या दोन राज्यांकडे वळू.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दोन्हीकडे, जवळजवळ एकाच वेळी, सरकारला रानाची जाग आली. मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. हे गृहस्थ पेशाने वैद्य, आणि पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी वनस्पती बागेचे प्रमुख. जुन्नरजवळच्या हिवरे येथील बागही त्यांच्याच देखरेखीखाली होती. कोकणातील डोंगर उघडे पडल्यामुळे माती वाहून खाड्या गाळाने भरत आहेत, असे त्यांनी सरकारला बजावले होते. गोव्यात १८५१ साली जंगलांच्या कारभारासाठी पहिले नियम झाले व स्वतंत्र खाते निघाले. इंग्रजांनी १८६५ आणि १८७८ साली वनकायदे केले. कागदावर दोन्ही राजवटी एकाच मार्गाने चालल्या होत्या.

फरक पडला तो कागदाखाली. सावंतवाडीचा कारभार इंग्रजांनी १८३८ साली आपल्या हाती घेतला. त्यानंतर १८४४ साली जे बंड झाले, त्यात बंडखोरांचा आधार रान हाच होता, आणि रान संपले की सीमा ओलांडून गोवा. पलीकडे सत्तरीत राण्यांची बंडे झाली, १८५२ चे दीपाजी राण्यांचे आणि १८९५ चे दादा राण्यांचे, तेव्हा त्यांनाही रानानेच पोसले. अशा ठिकाणी राज्यकर्त्याला वृक्ष केवळ वृक्ष दिसत नाही. त्याला त्यामागे बंदूक दिसते. वाडीच्या मुलुखात घाटरस्ते झाले, वेंगुर्ल्याच्या बंदराकडे बैलगाड्यांची रीघ लागली, जमिनीची मोजणी होऊन सारा ठरला आणि रानाचा मोठा भाग खासगी मालकीत किंवा गावकीच्या वहिवाटीत राहिला. सरकारी राखीव रान असे घाटालगतच्या थोड्याशा पट्ट्यातच उरले. रयतेला हे सुखाचे होते, यात शंका नाही. वनखात्याच्या शिपायाचा जाच ज्या ठाणे जिल्ह्याने सोसला, त्याच्या मानाने वाडीचा शेतकरी मोकळा होता. डोंगरउतारावर कुमरी करून नाचणी पिकवावी, गरजेपुरते लाकूड आणावे, देवराईला मात्र हात लावू नये, अशी रीत होती. वाडीची प्रसिद्ध लाकडी खेळणी होतात ती पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची; तो पांगाराही याच परसातला.

गोव्यात काय झाले? पोर्तुगीजांनी रान राखले, असे गोव्यातील काही जुनी मंडळी अभिमानाने सांगतात. मला हे अर्धसत्य वाटते. त्यांनी रानावर मालकी सांगितली, हे खरे. परंतु एकोणिसाव्या शतकातील गोवा ही खंगलेल्या साम्राज्याची खंगलेली वसाहत होती. सत्तरी, सांगे, काणकोण या महालांत रस्ते नव्हते, हिवतापाने माणसे टिकत नव्हती, आणि किनाऱ्यावरचा ख्रिस्ती काय किंवा हिंदू काय, होतकरू तरुण मुंबईस, कराचीस, आफ्रिकेस निघून जात होता. मुरगावपासून दूधसागरमार्गे घाट चढणारी आगगाडी १८८० च्या दशकात आली, पण तिनेही आतल्या रानात वस्ती आणली नाही. जंगल वाचले त्यात धोरणाचा वाटा थोडा आणि मांद्याचा वाटा मोठा. आणि रयतेच्या हक्काचे म्हणाल तर सत्तरीतील शेतकऱ्याच्या नावावर त्याने पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन लागलेली नाही ही तक्रार मुक्तीनंतर सहा दशके उलटूनही मिटलेली नाही. रान राहिले, पण रानात राहणारा उपराच राहिला. हा हिशेब मांडताना ही बाजू झाकता कामा नये.

त्या मांद्याचा शेवट खाणींनी केला. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्याचे लोहखनिज जपानला जाऊ लागले आणि डिचोली, सत्तरी, सांगे येथील टेकड्यांच्या सवलती एकेका घराण्याच्या नावे निघाल्या. भारत सरकारने पन्नासच्या दशकात गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा पोर्तुगीज सत्तेला तारले ते याच खनिजाने. मुक्तीनंतरही खाणी बंद झाल्या नाहीत, उलट वाढल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या ऑक्टोबरात त्या थांबवल्या, मधल्या काळात काही पुन्हा सुरू झाल्या आणि २०१८ साली ८८ पट्टे रद्द ठरले. तोवर कित्येक टेकड्यांचे खड्डे झाले होते.

तरीही आज सह्याद्रीच्या कडेने गोव्यात अभयारण्यांची एक अखंड साखळी आहे. खोतीगाव आणि भगवान महावीर ही साठच्या दशकाच्या अखेरीस झालेली, म्हादई आणि नेत्रावळी ही १९९९ ची. ही शेवटची दोन कशी झाली हे सांगण्याजोगे आहे. त्या वर्षी गोव्यात काही महिने राष्ट्रपती राजवट होती. राज्यपालपदी होते लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब, १९७१ साली ढाक्याच्या शरणागतीची बोलणी करणारे सेनानी. निवडून आलेल्या सरकारला खाणमालक आणि मतदार या दोघांच्या भीतीने जे जमले नसते, ते त्यांनी त्या थोड्या अवधीत करून टाकले. दोन्ही मिळून चारशेहून अधिक चौरस किलोमीटर. सर्व अभयारण्ये एकत्र घेतली तर राज्याचा एक पंचमांश भाग होतो. एवढे प्रमाण आपल्या देशात क्वचितच आढळेल. पण ज्यांना विचारले नाही त्यांचा रोषही त्याबरोबर आला. २०२० च्या जानेवारीत म्हादईच्या अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले आढळले. त्याआधी त्यांनी एका धनगर कुटुंबाची गुरे मारली होती. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने हे क्षेत्र व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर करण्याचा आदेश दिला आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले.

सीमेच्या अलीकडे, वाडीच्या बाजूस, कथा निराळ्या वळणाने गेली. विलीनीकरणानंतर खासगी रान हे कुटुंबाच्या अडचणीच्या काळातील ठेव बनले. मुलीचे लग्न, मुंबईतल्या गिरणीचा संप, आजारपण. दर वेळी डोंगराचा एक तुकडा ठेकेदाराला उभा विकायचा. त्याचा कोळसा आणि जळाऊ लाकूड होऊन ट्रकने घाट चढायचा. काही वर्षांनी बुंध्यांना धुमारे फुटून पुन्हा रान उभे राहायचे, पुन्हा विकायचे. १९७५ साली महाराष्ट्राने खासगी वने संपादन करण्याचा कायदा केला. हेतू चांगला होता. परिणाम असा की आंबोली, चौकूळ, गेळे या गावांतील कबुलायतदार गावकर पद्धतीच्या जमिनी कोणाच्या, हा प्रश्न दशकानुदशके लोंबकळत राहिला. ज्यांनी देवराया राखल्या तेच सरकारदरबारी अतिक्रमक ठरण्याची पाळी आली. १९९० साली रोजगार हमीतून फळबागांची योजना निघाली आणि डोंगरांवर काजू व आंबा चढला. दोडामार्ग तालुक्यात केरळातून आलेल्या बागायतदारांनी रबर लावले. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती उतरले आणि या भागाचे वन्यप्राण्यांच्या दृष्टीने महत्त्व सरकारला उमगले, असे म्हणावयास हरकत नाही. उच्च न्यायालयाने २०१३ साली दोडामार्गात वृक्षतोडीवर बंदी घातली. २०२० साली तिळारीत साडेएकोणतीस चौरस किलोमीटरचे संवर्धन राखीव क्षेत्र झाले. आणि २०२४ साली सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील पंचवीस गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करण्याविषयी न्यायालयाने निर्देश दिले. पलीकडे दोनशे चौरस किलोमीटरचे एक अभयारण्य, अलीकडे तीस चौरस किलोमीटरचा एक तुकडा.

आता आकड्यांकडे पाहू, आणि येथेच सावध राहावे लागते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून उपग्रहाच्या चित्रांवरून देशाचे वनाच्छादन मोजून अहवाल काढते. नव्वदच्या दशकात तिच्या अहवालांत गोव्याचे वनाच्छादन साधारण साडेबाराशे चौरस किलोमीटर होते. २००१ च्या अहवालात ते एकदम २,०९५ झाले. २०२१ च्या अहवालात २,२४४, म्हणजे राज्याच्या साठ टक्क्यांहून अधिक. दोन वर्षांत आठशे चौरस किलोमीटर रान कोठून उगवले? कोठूनही नाही. मोजण्याची रीत बदलली. चित्रे अधिक बारकाईने, संगणकावर वाचली जाऊ लागली. एक हेक्टर किंवा अधिक जागा असावी आणि तिच्या दहा टक्के भागावर झाडांची सावली असावी, एवढे पुरे. जमीन कोणाची, झाड कोणते, याची चौकशी नाही. मग नारळाची कुळागरे आली, काजूची बने आली, आंब्याच्या बागा आल्या. त्याच मापाने सिंधुदुर्ग जिल्हाही निम्म्याहून अधिक हिरवा ठरतो. दोन शेजारी जवळपास सारखेच श्रीमंत! वास्तविक एकाकडे वडिलोपार्जित सोन्याची लगड आहे आणि दुसऱ्याकडे बरीचशी चिल्लर. वजन मात्र दोन्ही एकाच काट्यावर केले.

असाच प्रकार दूरदेशीही घडला आहे. कॅरिबियन समुद्रात हिस्पानिओला नावाचे बेट आहे. पश्चिमेचा तिसरा हिस्सा हैती, पूर्वेचे दोन हिस्से डोमिनिकन प्रजासत्ताक. दोन्ही कॅथलिक परंपरेचे देश. दोन्ही मिळून विस्तार महाराष्ट्राच्या पाव भागाएवढा. १६९७ च्या तहाने स्पेनने पश्चिम भाग फ्रान्सला दिला आणि बेटाची वाटणी पक्की झाली. हैतीच्या गुलामांनी बंड करून १८०४ साली स्वातंत्र्य मिळवले. फ्रान्सने १८२५ साली त्या स्वातंत्र्याची किंमत म्हणून पंधरा कोटी फ्रँक मागितले, पुढे ती रक्कम नऊ कोटींवर आली. लेकरांच्या सुटकेसाठी बापाने घर विकावे तसे त्या देशाने आपली कॉफी आणि आपले लाकूड विकून ते कर्ज पिढ्यान्‌पिढ्या फेडले. त्यावर स्वयंपाकाला लाकडी कोळशावाचून दुसरे इंधन नाही. पलीकडे डोमिनिकन प्रजासत्ताकात राष्ट्राध्यक्ष बालागेर यांनी १९६७ साली लाकूड गिरण्या बंद केल्या, राखणीला सैन्य नेमले, आणि पुढे स्वयंपाकाच्या गॅसला सरकारी पैशाचा आधार मिळाला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२० च्या मोजणीत डोमिनिकन प्रजासत्ताकात ४४ टक्के भूमीवर जंगल आहे, हैतीत १३ टक्क्यांहून कमी. विमानातून पाहणाऱ्याला काही ठिकाणी सीमा रेघ ओढल्यासारखी दिसते.

या उदाहरणावरून हैतीच्या लोकांना दोष देणारे पुष्कळ लिहिले गेले. तेथे केवळ दोन टक्के रान उरले, हे वाक्य तर वर्षानुवर्षे एका पुस्तकातून दुसऱ्यात जात राहिले. पुढे उपग्रहाची चित्रे बारकाईने पाहणाऱ्या २०१४ च्या एका अभ्यासात हैतीच्या सुमारे तीस टक्के भूमीवर झाडांची छाया आढळली. शेताच्या बांधावरची, अंगणातली, ओढ्याकाठची झाडे आधीच्या मापांत धरलीच नव्हती. गोव्याचा आकडा माप बदलल्याने फुगला, हैतीचाही तसाच. फरक इतकाच की पहिल्याने राज्यकर्त्यांची शाबासकी झाली आणि दुसऱ्याने शेतकऱ्यांवरील कलंक थोडा पुसला गेला. आणखी एक गोष्ट विसरली जाते. त्या बेटावर पावसाचे ढग पूर्वेकडून येतात, मधले डोंगर त्यांना अडवतात आणि हैतीच्या वाट्याला पर्जन्यछाया येते.

पर्जन्यछाया म्हणजे काय, हे निमोण्याच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. आहुप्याच्या बाजूला सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावणारी घोड नदी आमच्याकडे येईपर्यंत ढग मागे राहिलेले असतात. चिंचणीच्या घोड धरणाचे पाणी मिळाले तेथे ऊस झाला. मिळाले नाही तेथे माळ राहिला. वन सर्वेक्षणाच्या काट्यावर या माळाचे वजन शून्य. त्यावर दहा टक्के सावली नाही, म्हणून ते वन नाही. महसुलाच्या दप्तरात ते गायरान किंवा पडीक. परंतु कुसळी गवताचा हा माळ म्हणजे तुटलेले जंगल नव्हे. हजारो वर्षे तो माळच होता. चिंकारा, काळवीट, लांडगा, खोकड, माळढोक ही त्याची प्रजा, आणि धनगर त्याचा जुना कारभारी. त्यावर गिरिपुष्पाची रोपे ओळीने लावून टक्केवारी वाढवता येते, माळाची प्रजा मात्र वाढत नाही.

घोड ओलांडली की श्रीगोंदे तालुका लागतो. १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झाले, त्यात हा तालुकाही होता. विस्तार ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे दोन गोव्यांहून अधिक. आत गावे, शहरे, साखर कारखाने, रस्ते, सर्व काही. हद्द इतकी मोठी की शेतकऱ्याला जमीन विकताना अडचण, विहिरीला अडचण. त्यामुळे ज्या पक्ष्यासाठी हे केले त्याच्याविषयी गावोगाव राग. २०१२ साली हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर गवत नांगराखाली गेले होते. महाराष्ट्रात माळढोक आता जवळपास दिसत नाही.

याच्या उलट, आमच्या दक्षिणेस बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली झालेले, विस्तार अवघा ५.१४ चौरस किलोमीटर. पूर्वेला कर्जत तालुक्यात रेहेकुरी आहे, काळविटांसाठी १९८० साली राखलेले, विस्तार २.१७ चौरस किलोमीटर. एखाद्या मोठ्या शेतकऱ्याच्या सात-बाऱ्यांची चळत करावी एवढीच ही राने. देशाच्या नकाशावर ती टिंबानेही दाखवता येत नाहीत. पण रेहेकुरीत काळवीट आहेत आणि मयूरेश्वरात चिंकारा आहेत. हद्द कोठे संपते हे चिंकाऱ्याला ठाऊक नसल्यामुळे तो पहाटे बाहेरच्या पडीक रानात चरायला निघतो. ते रान कोणाच्या ना कोणाच्या सात-बाऱ्यावर आहे, आणि कोणत्याही खात्यात जंगल म्हणून त्याची नोंद नाही.